दौंडच्या फलाटावर एक दिवस

आमच्या निमोण्याला रेल्वे नाही. निमोणंच कशाला, अख्ख्या शिरूर तालुक्यात रूळ नाहीत. गाडी बघायची तर भीमा ओलांडून दौंडला जायचं. परवा एक दिवस मी तेवढ्यासाठीच गेलो. फलाटाचं तिकीट काढलं आणि बाकड्यावर बसलो.

सकाळी सगळ्यात मोठी गर्दी पुण्याला जाणाऱ्यांची. खांद्याला डबा, हातात मोबाइल, खिशात महिन्याचा पास. २०१७ मध्ये पुणे–दौंड डेमू सुरू झाली. पण हा मार्ग त्याच्या कितीतरी आधीचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८५८-५९ च्या सुमारास इथून पुढे गेले आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले.

रूळ आले तसा रोकड पैसाही आला. रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारने सारा वाढवला. कर्ज मात्र होतं तिथंच राहिलं.

निमोण्याच्या शेजारचं करडे गाव इथं इतिहासात येतं. डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचं घर पाडायला काढलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना, गडी कामाला जाईना. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून चार ओळींत येतात ते हेच. त्यातूनच १८७९ चा शेतकरी कायदा आला.

दुपारी दिल्लीकडून कर्नाटक एक्सप्रेस आली. नगरकडून येऊन ती सरळ सोलापूरच्या दिशेने निघून गेली. पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना मात्र पूर्वी हे जमत नसे. इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि आलेल्या बाजूनेच बाहेर पडायचं. आता त्यांच्यासाठी जोडमार्ग आहे. लहानपणी मला वाटायचं, गाडी रस्ता चुकली म्हणून उलटी फिरते!

खरं कारण १८७८ चं आहे. दौंड–मनमाड मार्ग त्या वर्षी सुरू झाला, आणि त्यामागचा हेतू पुणे नव्हता. उत्तरेकडचा माल थळ आणि बोर हे दोन्ही घाट टाळून, मुंबईला न शिवता मद्रासकडे जावा, म्हणून रूळ तसे वळवले होते.

हे मातीकाम १८७६-७८ च्या दुष्काळात पोट जाळायला आलेल्या माणसांनी केलं. १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरची मजुरी कापून दिवसाला जेमतेम पौंडभर धान्य आणि थोडी चिल्लर एवढ्यावर आणली. कित्येकांनी कामावर जायचंच सोडलं. हा दुष्काळाच्या दिवसातला संप. मालगाडीचे डबे मोजताना हे आठवलं आणि माझी मोजणी चुकली.

संध्याकाळी पुण्याहून पासवाले परतले. सकाळपासून मला तिथंच बघून एका काकांनी विचारलं, “काय रे पोरा, गाडी चुकली का?”

“नाही काका, बघत बसलोय.”

“बघण्यासारखं काय त्यात? मी रोज चार तास बघतो.”

काका हसत जिना चढून गेले. दीडशे वर्षांपूर्वी रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि कर्ज गावात राहिलं. आता रोज सकाळी माणसं जातात आणि रात्री झोपायला परत येतात. मला शेवटची एसटी गाठायची होती. बाहेर आलो तेव्हा मागे अजून एक मालगाडी जातच होती. या वेळी डबे मोजले. एकोणसाठ भरले.