पुंज माहितीविज्ञानाचा इतिहास आणि वाशिम जिल्ह्यातील अध्यापनाची दिशा

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. पुंज संगणक म्हणजेच क्वांटम संगणक हा विषय मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांचा, असा समज अशा जिल्ह्यातील विद्यार्थ्याचा सहज होऊ शकतो. या विद्याशाखेच्या इतिहासातून मात्र त्या समजाला पुष्टी मिळत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्लांक (१९००) ते श्रोडिंजर (१९२६) हा कालखंड पाठ्यपुस्तकांत येतोच. माहितीच्या अंगाने विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला. स्टीफन वीस्नर यांनी १९७० च्या सुमारास नक्कल न करता येणाऱ्या नोटेची कल्पना मांडली. ती प्रसिद्ध व्हायला १९८३ साल उजाडले. दरम्यान १९८२ मध्ये वूटर्स व झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही हे सिद्ध केले.

पुढचा टप्पा भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. चार्ल्स बेनेट व गिल्स ब्रासार्ड यांचा गुप्त किल्ली वाटपाचा निबंध डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत सादर झाला. पाठवणारा प्रत्येक फोटॉनचे ध्रुवण दोनपैकी एका आधारात ठरवतो. घेणाराही आधार यदृच्छया निवडतो. नंतर जुळलेले आधार तेवढे ठेवले जातात. मध्येच कोणी प्रत्येक फोटॉन अडवून मोजला व पुढे पाठवला, तर उरलेल्या नोंदींपैकी सुमारे २५ टक्के चुकतात आणि चोरी उघड होते. १९८९ मधील पहिल्या प्रयोगात हे अंतर जेमतेम ३० सेंटिमीटर होते.

दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोधपद्धती मांडली. दहा लाख नोंदींच्या विस्कळीत यादीत एक नोंद शोधण्यास साध्या संगणकाला सरासरी पाच लाख पावले लागतात. ग्रोव्हर यांच्या पद्धतीत ती हजाराच्या आत येतात. दोन क्यूबिटवर ही पद्धत प्रत्यक्ष चालली १९९८ मध्ये. म्हणजे सिद्धान्त कागदावर आधी झाला, यंत्र मागाहून आले.

अध्यापनाचा प्रश्न

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची संरक्षण प्रयोगशाळा व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी ६ क्यूबिटच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. वाशिमच्या महाविद्यालयाला असे यंत्र उभारणे शक्य नाही व आवश्यकही नाही. प्रारंभासाठी सदिश, संमिश्र संख्या आणि दोन बाय दोन सारणी पुरेशा आहेत. श्रोडिंजर समीकरणाच्या आधी दोन अवस्थांची प्रणाली शिकवणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

प्रात्यक्षिकही अल्प खर्चात होते. दोन पोलरॉइड परस्परांशी काटकोनात धरले की प्रकाश अडतो. त्यांच्यामध्ये तिसरा ४५ अंशांत सरकवला की, आदर्श स्थितीत, मूळ अध्रुवित प्रकाशाचा एक अष्टमांश भाग पार होतो. बंगळूरच्या निबंधातील दोन आधार हेच.