विद्यार्थी-अध्ययन-उद्दिष्टे

शालेय वर्षाच्या आरंभी आपल्या हाताखालील विद्यार्थ्यांनी ठरलेल्या मुदतीत काय आणि किती शिकावे, व ते शिकल्याचा पुरावा कोणता मानावा, हे शिक्षकाने लेखी नमूद करावे, मुख्याध्यापकाने त्यास मंजुरी द्यावी, आणि वर्षअखेरीस त्या लेखाशी प्रत्यक्ष फलिताचा ताळा घालून शिक्षकाच्या कामावर शेरा मारावा, अशी शिक्षक-मूल्यमापनाची जी पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आली, तीत या लेखी संकल्पास ही संज्ञा लावतात. शिक्षकवर्गात ती ‘स्टुडंट लर्निंग ऑब्जेक्टिव्ह्ज’ या इंग्रजी नावाच्या ‘एस्. एल्. ओ.’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. न्यू जर्सी संस्थानात तिला ‘एस्. जी. ओ.’ म्हणतात, पण नाव पालटल्याने कागद काही पालटत नाही. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात कारखानदारीसाठी उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापनाचा जो विचार मांडला, त्याचीच ही शाळेच्या अंगणात लावलेली फांदी होय.

उद्दिष्टपत्रात बहुधा पुढील बाबी येतात : कोणते विद्यार्थी, किती काळ, कोणता पाठ्यांश, त्यांची मूळ पातळी, गाठावयाची पातळी, ती मोजण्याचे साधन आणि या निवडीमागील कारण. चौथ्या इयत्तेस संगीत शिकविणाऱ्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. सप्टेंबरात ती प्रत्येक मुलास रेकॉर्डर नावाच्या बासरीवजा वाद्यावर एक अपरिचित लहानसा स्वरखंड वाजवावयास सांगते. सूर, लय, श्वास आणि लिपीवाचन यांना गुण देऊन ते वहीत मांडते, आणि मे महिन्यात त्याच कसोटीवर त्याच मुलांना पुन्हा उभे करते. गाठावयाची पातळी ठरविण्याची एक रूढ रीत अशी की, पूर्ण गुणांस जेवढे कमी पडले त्याचे निम्मे अंतर मुलाने वर्षभरात कापावे. शंभरांपैकी तीस मिळविणाऱ्याने पासष्टावर जावे, नव्वदवाल्याने पंचाण्णवावर, आणि दहावर अडकलेल्याने मात्र पंचावन्नापर्यंत मजल मारावी. गणित निर्दोष आहे; परंतु सर्वांत मागे राहिलेल्या मुलानेच सर्वांत लांब उडी घ्यावी, ही अपेक्षा त्या गणितात कोठून शिरली, याचा खुलासा उद्दिष्टपत्रात सहसा नसतो.

या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग कोलोरॅडो संस्थानातील डेन्व्हर शहरी झाला. शाळाखाते आणि शिक्षकसंघटना यांनी आपसांत करार करून 1999 मध्ये काही निवडक शाळांत तो सुरू केला व तो चार वर्षे चालविला. शिक्षकाने दोन उद्दिष्टे ठरवावीत आणि साध्य झालेल्या प्रत्येक उद्दिष्टापोटी त्यास 750 डॉलर मिळावेत, असा त्यातील मुख्य ठराव होता. बोस्टनच्या कम्युनिटी ट्रेनिंग अँड असिस्टन्स सेंटर या संस्थेने 2004 मध्ये या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. उद्दिष्टपत्रे चार श्रेणींत पारखून, ज्यांचा मजकूर अधिक सकस होता त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची प्रगतीही अधिक आढळली, असा निष्कर्ष त्यात काढलेला आहे. आता, उत्तम शिक्षक उत्तम उद्दिष्ट लिहितो की उत्तम उद्दिष्ट लिहिल्याने शिक्षक उत्तम होतो, हा प्रश्न अशा पाहणीने सुटण्याजोगा नव्हे. तथापि आपल्या मुलांना नेमके काय येत नाही हे सप्टेंबरातच शोधण्याची सवय लागली, एवढा लाभ टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. 2004 मध्येच संघटनेच्या सभासदांनी ही उद्दिष्टे सामावून घेणारी ‘प्रोकॉम्प’ नावाची नवी वेतनपद्धती मतदानाने स्वीकारली, आणि 2005 मध्ये शहराच्या मतदारांनी तिच्यासाठी वर्षास अडीच कोटी डॉलरचा वाढीव कर मान्य केला.

डेन्व्हरात संमतीने आलेली ही वस्तू देशभर पसरली ती मात्र वरून आलेल्या निधीच्या वाटेने. केंद्र सरकारने 2009 मध्ये ‘रेस टू द टॉप’ या योजनेखाली 4.35 अब्ज डॉलर संस्थानांपुढे स्पर्धेसाठी ठेवले, आणि शिक्षकाच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या प्रगतीस ठळक स्थान देणाऱ्यांस झुकते माप दिले. अडचण अशी की, तत्कालीन कायद्याने तिसरी ते आठवी या इयत्तांत दरवर्षी परीक्षा बंधनकारक होती ती वाचन व गणित यांपुरतीच. चित्रकला, संगीत, व्यायाम, परकीय भाषा किंवा बालवर्ग शिकविणाऱ्या बहुसंख्य शिक्षकांच्या खात्यावर मांडण्यास आकडाच नव्हता. तो आकडा या उद्दिष्टपत्राने पुरविला. न्यूयॉर्क संस्थानात तर 2010 च्या कायद्यानंतर शिक्षकांची अत्यंत परिणामकारक, परिणामकारक, विकसनशील आणि अपरिणामकारक अशी चातुर्वर्ण्यव्यवस्थाच तयार झाली, आणि ज्यांच्या विषयाची सरकारी परीक्षा नव्हती त्यांचा वर्ण ठरविण्यात या कागदाचा वाटा राहिला.

येथेच या पद्धतीचे मर्म दुखावले. जो उद्दिष्ट ठरवितो, बहुधा तोच परीक्षा घेतो, तोच गुण देतो आणि त्या गुणांवरून जोखलाही तोच जातो. अशा स्थितीत सप्टेंबरात हात आखडता आणि मे महिन्यात सैल ठेवणे यास लबाडीच म्हणावे असे नाही, ते मनुष्यस्वभावास धरूनच आहे. न शिकविलेल्या भागावर पूर्वचाचणी घ्यावी, मुलांनी कोरे कागद परत करावेत आणि त्या कोरेपणासच मूळ पातळी म्हणून दप्तरी दाखल करावे, हा प्रकार तर नियमाच्या चौकटीत राहूनही करता येतो. त्यावर उपाय म्हणून सर्वांस एकच परीक्षा लादावी, तर शिक्षकाने आपला वर्ग ओळखून उद्दिष्ट ठरवावे हा मूळ हेतूच नाहीसा होतो. एखाद्या मोजमापावर निर्णय जितका अधिक विसंबेल, तितके ते मोजमाप भ्रष्ट होईल, असे डोनाल्ड कॅम्बेल या समाजशास्त्रीय संशोधकाने 1970 च्या दशकातच सांगून ठेवले होते.

मुलांच्या फलितावर शाळेचा पैसा टांगण्याची कल्पना याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या 1862 च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व गणित या प्रत्येक विषयात उत्तीर्ण होणाऱ्या मुलामागे 2 शिलिंग 8 पेन्स अनुदान ठरविले, आणि स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी तिच्यावर सतत टीका केली. ही वहिवाट मुंबई इलाख्यातही आली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी फलानुसारी अनुदानाच्या या पद्धतीस स्पष्ट विरोध नोंदविला. ज्या गरीब व अशिक्षित वर्गात विद्येची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे ती निरुपयोगी आहे, कारण अशा वस्तीत शाळा उघडून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. फळ मोजणारा जमिनीचा मगदूर पाहत नाही, हे त्यांनी वर्गाच्या आतून पाहिलेले होते.

डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेत नवा शिक्षणकायदा मंजूर झाला आणि मूल्यमापनाच्या रीतीसंबंधी केंद्राचा आग्रह संपुष्टात आला. काही संस्थानांनी उद्दिष्टपत्रे ऐच्छिक केली, काहींनी त्यांचे वजन घटविले, काहींनी ती पूर्ववत चालू ठेवली. जेथे उद्दिष्टे शिक्षकांनी प्रथम आपखुशीने स्वीकारली होती, त्या डेन्व्हरात 11 फेब्रुवारी 2019 रोजी, पंचवीस वर्षांत प्रथमच, शिक्षक संपावर गेले. ‘प्रोकॉम्प’मधील प्रोत्साहनाच्या निरनिराळ्या रकमांमुळे पुढील वर्षी हाती किती वेतन पडेल याचा अंदाज बांधता येत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. तीन दिवसांनी समझोता झाला, आणि मूळ वेतन वाढवून प्रोत्साहनाच्या रकमांचा पसारा आवरण्यात आला.