खोट सांगायची कुणाला?

1851 मध्ये लंडनचे जागतिक प्रदर्शन भरले असताना आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवले. मग ब्रामा या कुलूप कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके आव्हान म्हणून मांडलेले कुलूप त्याने हाती घेतले. बक्षीस 200 गिनींचे. 16 दिवसांत मिळून 51 तास खपून त्याने तेही उघडले. अशाने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. त्याच्या 1853 च्या पुस्तकाचे उत्तर असे: चोरांना हे आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो घरमालक.

संगणकाच्या जगात हाच वाद 1988 मध्ये ‘मॉरिस वर्म’ हा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर फैलावल्यानंतर पेटला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ केंद्र निघाले. सॉफ्टवेअरमधली त्रुटी तिथे कळवायची आणि दुरुस्ती होईपर्यंत गप्प राहायचे. कंपन्या मात्र चालढकल करत. कंटाळलेल्या संशोधकांनी त्रुटी थेट चव्हाट्यावर मांडल्या. 2000 मध्ये सर्टने 45 दिवसांची मुदत घातली, 2014 मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने 90 दिवसांची; ती संपली की दुरुस्ती आली नसली तरी त्रुटी जाहीर. या भांडणातून हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ही मुदत. उदाहरणार्थ, नेटगिअर कंपनीच्या राउटरमधली, म्हणजे घरात इंटरनेट पुरवणाऱ्या डब्यातली, एक गंभीर त्रुटी ऑगस्ट 2016 मध्ये कंपनीला कळवली होती. डिसेंबरमध्ये ती जाहीर झाली, सर्टने ते राउटर तूर्त वापरू नका असे सांगितले, आणि मग काही दिवसांतच तात्पुरती दुरुस्ती आली.

राउटरचे दुखणे मात्र इथे संपत नाही. ‘रोमपेजर’ हे राउटरमधले छोटे वेब सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्यांनी त्यातली खोट 2005 मध्येच काढली होती. तरी 2014 मध्ये चेक पॉइंट या संगणक सुरक्षा कंपनीला जुनेच सॉफ्टवेअर असलेली सुमारे 1 कोटी 20 लाख उपकरणे सापडली. दुरुस्ती झाली होती, घरात पोचली नव्हती. हॉब्जच्या काळातला घरमालक निदान कुलूप बदलू शकत होता. आज कपाटावर धूळ खात पडलेला डबा सदोष आहे, हे घरच्यांना सांगणार कोण?

म्हणून मुदत संपली की त्रुटी जाहीर झालीच पाहिजे. पण तांत्रिक तपशिलाआधी कोणते मॉडेल आणि घरच्यांनी काय करायचे, हे साध्या भाषेत सांगणे जाहीर करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते न सांगता हल्ल्याचा तयार कोड मोकळा सोडणे मला अन्यायाचे वाटते.

तुमच्या राउटरच्या तळाशी सहसा मॉडेल क्रमांक छापलेला असतो. तो टिपून घ्या, राउटरसोबत आलेला पासवर्ड बदला आणि नवे अपडेट मिळते का, हे ज्याने राउटर बसवला त्याला विचारा. मिळत नसेल तर राउटर बदलून मागा.