मुडदूस, पडदा आणि ऊन

राज्यांच्या उलथापालथी आम्ही इतिहास म्हणून शिकतों व शिकवितों. लहान मुलांच्या वाकलेल्या पायांचा इतिहास मात्र वैद्यांवर सोपवून मोकळे होतों. वस्तुतः मुडदुसाच्या कारणाचा शोध ही शंभर वर्षें चाललेली चुरशीची कथा आहे. आणि तिचें एक प्रकरण आमच्या नाशकांत घडलें, हें फार थोड्या वाचकांस ठाऊक असेल.

धुरानें काळवंडलेल्या युरोपांतील शहरांत एकोणिसाव्या शतकांत हा रोग बोकाळला होता. १८२२ मध्यें पोलंडमधील वैद्य श्न्यादेत्स्की यांनीं वॉर्सा शहरांतील व भोवतालच्या खेड्यांतील मुलांची तुलना करून उन्हाचा अभाव हें कारण सुचविलें. १८९० मध्यें जपानांत राहून आलेल्या थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टरानें देशोदेशींच्या वैद्यांकडून माहिती मागवून तेंच सांगितलें: अन्न निकृष्ट, घरें गलिच्छ, तरीही जेथें ऊन मुबलक तेथें मुडदूस क्वचित. दोघांचेंही म्हणणें बहुतेकांनीं कानाआड केलें. उन्हासारखी फुकटची वस्तु औषध असूं शकेल, हें विद्वानांच्या गळीं सहसा उतरत नाहीं.

सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात, हें १८०१ पासून माहीत होतें. हाडांशीं त्यांचा संबंध सिद्ध झाला तो महायुद्धानें उपासमारीस लावलेल्या बर्लिनमध्यें. १९१८-१९ च्या हिवाळ्यांत कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं मुडदूस झालेल्या चार मुलांस पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्याखालीं ठेवलें. क्ष-किरणांच्या चित्रांत मऊ हाडें पुन्हा भरून येतांना दिसलीं. पुढें त्यांनीं मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडून पाहिला, तों दोन्ही हातांचीं हाडें सारखीं सुधारलीं. अर्थात् त्वचेंत कांहीं तरी तयार होऊन तें रक्तावाटे सर्वत्र जात असलें पाहिजे. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग आमच्या वाचनांत दुसरा नाहीं.

तरी वाद मिटला नाहीं. त्याच सुमारास लंडनमध्यें एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दोष अन्नाचा असल्याचें व कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो निवारतां येतो असें दाखविलें. आतां खरी कसोटी हवी होती ती अशा जागेची, कीं जेथें अन्न चांगलें पण ऊन नाहीं, आणि शेजारींच ऊन आहे पण अन्न बेताचें. युरोपांत गरिबाला दोन्ही दुर्मिळ. नाशकांत मात्र हचिसन आणि त्यांचे सहकारी पटेल व शहा यांस ही जागा सांपडली. १९२१ व १९२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत असें दिसून आलें कीं, रोग होता तो पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु घरांत, हिंदूंच्या तसाच मुसलमानांच्याही. उन्हांत राबणाऱ्या, कोरडी भाकरी खाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें बहुतांशीं त्यापासून मुक्त होतीं.

येथें क्षणभर थांबावेसें वाटतें. अब्रूच्या नांवाखालीं आम्हीं ज्या मुलींस माजघरांत कोंडलें, त्यांचीं हाडें मऊ पडत होतीं. कमरेचें हाड अरुंद झालेली मुलगी पुढें बाळंतपणांत अडे, आणि घरची मंडळी दैवाला बोल लावीत. दूधतूप कांहीं कमी नव्हतें.

प्रकाश व तेल यांचा तंटा १९२४ मध्यें सुटूं लागला. अमेरिकेंत स्टीनबॉक व हेस यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, अतिनील किरण पाडलेल्या कांहीं अन्नांतही मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. तेलांत जें ‘ड’ जीवनसत्त्व असतें, तेंच त्वचेंतील एका मेदसदृश द्रव्यापासून किरणांनीं बनतें. दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर होते.

या शोधानंतर उत्साहाचा अतिरेकही झाला. दिव्यांखालीं अंग भाजून घेण्याची टूम निघाली. १९९२ मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें सूर्याच्या किरणांसच कर्करोगकारकांत गणलें, आणि २००९ मध्यें त्या दिव्यांसही. आमच्याकडे आजीबाई तान्ह्यास तेल लावून कोवळ्या उन्हांत निजवीत. कल्पना उत्तम, पण ज्या किरणांनीं ‘ड’ बनतें ते अगदीं सकाळीं फार थोडे पोंचतात, आणि खिडकीची कांच त्यांस जवळजवळ पूर्णच अडविते. नव्या वसाहतींतील बंद कांचेच्या खोल्यांत बाळ उजेडांत असतें, पण उन्हांत नसतें. जुन्या वाड्यांत निदान अंगण तरी होतें.