पिक अप

पिक अप : इंग्रजीतील एक जोडक्रियापद. ‘पिक’ म्हणजे वेचणे, ‘अप’ म्हणजे वर. म्हणून मूळ अर्थ खाली पडलेली वस्तू उचलून घेणे. अशा क्रियापदांना इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळे रूढ झाली. परकीयांना इंग्रजी शिकताना खरी अडचण इथे येते, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते.

‘पिक अप’चा अर्थ ठरतो तो पुढे येणाऱ्या नामावरून. मूल पडले तर उचलायचे, पाहुणा स्टेशनवर उतरला तर घ्यायला जायचे, रेडिओने लहरी पकडायच्या, सर्दी लागायची, परगावी राहून तिथली भाषा कानावरून शिकायची. या सगळ्यांना इंग्रजीत हेच एक क्रियापद चालते. कर्म नसेल तर अर्थ आणखी बदलतो : धंदा सावरतो, वाऱ्याचा जोर वाढतो.

मराठी माणसाला यातले बरेच अर्थ परके वाटू नयेत, कारण आपले ‘उचलणे’ त्याच वाटेने गेले आहे. आपण फोन उचलतो, कुणाची लकब उचलतो, लग्नाचा खर्च उचलतो. पोलीस संशयिताला उचलतात. मात्र ‘मी तुला सहा वाजता उचलतो’ हे वाक्य कानाला खटकते. तिथे ‘घ्यायला येतो’ हेच मराठी.

व्याकरणाचा एक नियम पक्का लक्षात ठेवावा. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते : ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक.

नाम म्हणून वापरताना आघात ‘पिक’वर येतो. मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला पिकअप म्हणतात. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी अशा हौद्यासह विकायला काढली. गिटारच्या तारांचे कंपन टिपणारा भागही पिकअपच. मराठीत ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे ती झटकन वेग घेत नाही. महाराष्ट्रात रस्त्याकडेला एसटीची वाट पाहण्यासाठी बांधलेल्या निवाऱ्याला ‘पिकअप शेड’ म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र त्याला ‘बस शेल्टर’ म्हणावे लागते.