स्वादुपिंडाचा विकार आणि आतड्यातील जंतू : एका तर्काचा इतिहास

स्वादुपिंडाच्या जुनाट दाहात पाचक विकरे बाहेरून देऊनही पोट फुगणे, तेलकट शौच होणे व वजन घटणे कित्येकदा थांबत नाही. असा रुग्ण देवळाली प्रवरेच्या वैद्यकापुढे येवो की मुंबईच्या, दोष लहान आतड्यात माजलेल्या जंतूंवर टाकण्याचा मोह होतोच. हा तर्क कितपत टिकतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

उष्ण कटिबंधातील या विकाराचे वर्णन झुइडेमा यांनी 1959 मध्ये इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांवरून केले. आपल्याकडे केरळात गीवर्गीस यांनी तो विषय हाती घेतला. त्यांचा ग्रंथ 1968 मध्ये मराठी वाचकांच्या परिचयाच्या पॉप्युलर प्रकाशनानेच मुंबईत काढला, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. ग्रंथाचा भर मात्र खडे व मधुमेह यांवर होता.

जंतूंचा प्रश्न वेल्लोरला संग्रहणीच्या अभ्यासातून पुढे आला. बेकर, माथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये आतड्यातील जंतूंची पाहणी प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य ग्रंथांत जवळजवळ निर्जंतुक मानलेल्या वरच्या आतड्यात येथील निरोगी माणसांतही जंतू आढळले. परदेशी मापाने मोजल्यास आपल्यातील अनेक धडधाकट माणसे रुग्ण ठरावयाची! केवळ जंतू सापडले म्हणून रोग सिद्ध होत नाही, ही त्या पाहणीची खरी शिकवण होय. ती पुरेशी मुरलेली दिसत नाही.

ब-12 जीवनसत्त्वाचा घोळ याहून बोधप्रद आहे. जंतू ते खातात, म्हणून त्याची उणीव हा अतिवाढीचा पुरावा समजला जाई. परंतु 1971 मध्ये टॉस्केस प्रभृतींनी दाखवले की, स्वादुरस अपुरा असतानाही ब-12 चे शोषण बिघडते आणि स्वादुपिंडाचा अर्क दिल्यास सुधारते. लाळ व जठररसातील एक प्रथिन त्या जीवनसत्त्वास धरून ठेवते. स्वादुरसातील विकरांनी ते प्रथिन मोडले तरच त्याची सुटका होते, असा उलगडा 1978 मध्ये ॲलन यांनी केला. म्हणजे एकच लक्षण, कारणे दोन. पित्तक्षारांचे विघटन करून जंतूही स्निग्धांशाचे पचन बिघडवतात, तेव्हा तेलकट शौचावरूनही निवाडा होत नाही. एक खूण मात्र उपयोगी पडते : जंतू फॉलिक आम्ल तयार करतात; त्यामुळे ब-12 कमी व फॉलिक आम्ल चढे, असे चित्र दिसल्यास संशय बळावतो.

म्हणून प्रतिजैविकांपूर्वी विकरांची मात्रा पुरेशी आहे काय व ती जेवणासोबतच घेतली जातात काय, हे विचारावयास हवे. श्वासातील हायड्रोजनची चाचणी सोपी खरी. पण लॅक्ट्युलोज झपाट्याने पुढे सरकले तर मोठ्या आतड्यातील जंतूंचाच वायू मोजला जातो आणि अतिवाढीचा शिक्का फुकट बसतो.