उत्तरेचा उजेड, दक्षिणेचं ऊन

१९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावरची वीज गिरणगावात येऊ लागली. पण गिरणीचं छप्पर त्याआधीपासूनच हुशार होतं. करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेला, उतार दक्षिणेला. सुतावर दिवसभर सारखा उजेड, ऊन नाही. त्या उतारांवर आज सौर पॅनेल किती नेमकी बसली असती! नॉर्वेत त्रोन्हेमच्या बंदरावर २०१९ साली बांधलेलं 'पॉवरहाऊस' हे ऑफिस असंच दक्षिणेला कललेल्या छपरावर, वापरतं त्याहून जास्त वीज बनवतं.

आपल्याकडे १९८२ चा संप झाला, १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या. कामगार गेले, बहुतेक शेडही गेल्या. टॉवर आले, तीस मजल्यांत मिळून एक छप्पर, त्यावरही एसीची धुडं. चिंचोटीहून येऊन मी अशाच एका मजल्यावर बसतो. भर दुपारी पडदे ओढलेले, दिवे लावलेले.